अकोल्गोचा आक्षेप

८ जानेवारी

उद्या ओळखपत्राची नोंदणी. निळा झगा इस्त्री करून ठेवलाय. बाप्तिस्म्याचा दाखला पिशवीत घातला, काढला, परत घातला. माझ्याकडे तेवढा एकच कागद आहे, आणि तो पलीकडचा — बुर्किनातल्या मिशनचा, फ्रेंचमधला. तोच दाखवायची धास्ती वाटते!

मुख्याध्यापिका बाईंनी परवा सरळच सांगितलं. "युलाली, पुढच्या सत्रापासून कार्ड असेल त्यांनाच शाळेचं स्वयंपाकघर मिळणार. माझ्या हातात काही नाही गं." नवरा गेल्यापासून त्या चुलीवरच आम्हां मायलेकींचं चाललंय. ती गेली तर काय करायचं?

बाप इकडचा, नान्दोमजवळचा. शेतीसाठी सीमेच्या नदीपलीकडे गेला, तिथलीच बायको केली, मी तिथेच झाले. म्हणजे बापाकडून मी घानाची. असं मी स्वतःला समजावते. पण पैसे मोजायला लागले की ओठ फ्रेंचमध्ये हलतात. हल्ली बाजारात ओठ मिटून मोजते.

बेनेडिक्टा हसते. "आई, लग्नाला निघाल्यासारखी काय करतेस?" तिला काय जातंय, ती इथे बोल्गात जन्मली.

९ जानेवारी

घात झाला.

सकाळपासून रांगेत होते. धूळ इतकी की समोरच्या बाईचा डोक्याचा रुमाल दिसत नव्हता. नंबर आला. खिडकीतला पोरगा दक्षिणेकडचा — आमोआको नाव. नम्र होता. "मॅडम, बसा." शेजारच्या दोन बायकांनी माझ्यासाठी साक्ष दिली. त्यानं दाखला पाहिला, फ्रेंच आहे म्हणून कपाळाला आठी घातली, तरी लिहायला घेतलं. सुटले असं वाटलं.

तेवढ्यात मागून अकोल्गो. शाळेच्या फाटकासमोर सायकली दुरुस्त करतो तो. जातीनं फ्राफ्रा. आणि चक्क इंग्रजीत, मोठ्या साहेबाच्या थाटात — "थांबा साहेब! ही बाई घानाची नाही. माझी गुलाम आहे. माझ्या आजोबांनी पलीकडून आणली, एका कुत्र्याच्या डोक्याच्या बदल्यात."

रांग खो खो हसली. मीही हसले. हा माणूस रोजच असं बोलतो, आणि मी त्याला रोज कुत्रेखाऊ म्हणते, त्यांच्यात कुत्र्याचं डोकं म्हणजे मेजवानी. फ्राफ्रांची आणि आम्हां दगारांची थट्टेची सोयरीकच आहे, आजोबा-पणजोबांपासून. कितीही शिव्या द्या, राग मानायचा नाही. मानला तर तोच आपल्यातला नव्हे.

आमोआको हसला नाही. "तुम्ही हे शपथेवर सांगता?"

"शपथेवर! पावती तेवढी उंदरांनी खाल्ली."

त्यानं दुसरा कागद पुढे केला. अकोल्गोनं थट्टा चालूच आहे समजून ऐटीत सही ठोकली. मग पोरगा मला म्हणाला, "मॅडम, तुमच्या नागरिकत्वावर आक्षेप आलाय. आता सुनावणी होईल." मी सांगायला गेले, अहो ही थट्टा आहे. तो म्हणाला, "आमच्याकडे कुणाला गुलाम म्हणणं थट्टा नसते."

घरी येऊन भात करपवला. आजवर कधी करपला नव्हता.

१० जानेवारी

झोप नाही. एकच गोष्ट डोक्यात घोळते. तो नेमका 'पलीकडून' का म्हणाला? आणखी शंभर गोष्टी म्हणता आल्या असत्या मेल्याला.

१२ जानेवारी

अकोल्गोला आज कुणीतरी नीट समजावलं असावं. दुपारी दारात येऊन उभा राहिला. हातात गिनी कोंबडी, पाय बांधलेली. काही बोलेना. मी वाट पाहिली. या नात्यात माफी मागता येत नाही, ते दोघांनाही माहीत आहे. माफी मागितली की थट्टा खरी झाली. कोंबडी ओसरीवर ठेवून निघून गेला. जाताना एक शिवी तरी द्यायचीस रे!

बेनेडिक्टा म्हणाली, "छान, आज रस्सा." मला घास गेला नाही.

१५ जानेवारी

सुनावणी तीस तारखेला. म्हणतात राष्ट्रगीत म्हणायला लावतात. टीझेडचं पीठ चुलीवर घोटता घोटता बेनेडिक्टाकडून पाठ करून घेतेय. शब्द येतात, पण दुसरी ओळ संपली की जीभ आपोआप पलीकडच्या गाण्याकडे वळते. शाळेत रोज झेंड्यापुढे तेच म्हटलेलं! बेनेडिक्टा आधी हसली, मग म्हणाली, "आई, तिथे असं झालं तर?" मी तिला ओरडले. उगाच ओरडले.

१९ जानेवारी

फिडेलचा फोन. माझा धाकटा भाऊ, पलीकडे आईजवळ असतो. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "ये की निघून. इथे तुला कोण विचारतंय कागद? आईच्या घरात तुझी चटई अजून तशीच आहे."

मी म्हटलं, आणि पोरीची शाळा? तिला फ्रेंचचं अक्षर येत नाही. माझ्या नवऱ्याची माती इथे आहे.

"म्हणजे तिथे हात वर करून सांगणार, मी पलीकडची नाही म्हणून?"

मी म्हटलं, असं काही सांगावं लागत नाही रे. खरं काय ते मला कुठे माहीत आहे?

२३ जानेवारी

आता मात्र भीती वाटायला लागलीय.

अकोल्गो मला "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणाला. टोपी काढून! मला वाटलं नवी थट्टा. मी म्हटलं, "काय रे कुत्रेखाऊ, दात दुखतात का?" तो खाली बघून म्हणाला, "तब्येत बरी आहे ना, मॅडम?" त्याच्या दुकानात दोघे गिऱ्हाईक होते, तेही फ्राफ्रा. तेही गप्प. कोण काय लिहून घेईल सांगता येत नाही, असं झालंय सगळ्यांना.

मासळीवाली पण आज घासाघीस न करता द्यायला लागली. ज्वारीची दारू, पितो, विकणारी म्हातारी बसायला बाकडं पुसून देते. सगळे किती चांगले वागतात.

माझ्या नवऱ्याच्या मयताला हाच अकोल्गो वाटेत आडवा पडला होता. "हा माझा गुलाम आहे, कामं अर्धी टाकून पळतोय, मी पुरू देणार नाही!" पितो पाजल्याशिवाय उठला नाही. मी रडता रडता हसले होते त्या दिवशी. मेलेल्या माणसालासुद्धा थट्टा मिळते आमच्यात. मला जितेपणी मिळत नाही.

२८ जानेवारी

जुलाब. बाईंनी विचारलं, "येशील ना उद्या स्वयंपाकाला?" येईन म्हटलं. स्वयंपाकघरात दुसऱ्या एका बाईला भांडी दाखवत होत्या. नुसतंच दाखवत असतील. माझा मोठा झारा तिनं हातात धरला होता.

३० जानेवारी

सविस्तर लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

टेबलामागे तिघे. आमोआको, कचेरीतली एक बाई, आणि मुखियाच्या घरचे म्हातारे अयामगा, पांढरा फुगू, इकडचा जाड सुती झगा, घालून. मागच्या बाकांवर गाव. नान्दोमकडचे दोन ड्रायव्हरही येऊन बसले होते, करमणुकीला.

आधी मला विचारलं. उजवा हात वर. बापाचं गाव? सांगितलं. राष्ट्रगीत? म्हटलं. दुसऱ्या ओळीनंतर डोळे मिटले आणि बेनेडिक्टाचा आवाज आठवत गेले, पार पडलं. मग कचेरीतल्या बाईंनी विचारलं, "पलीकडे तुमचं घर, जमीन, माणसं?"

"नाही," मी म्हटलं.

इतकं पटकन म्हटलं की मलाच ऐकू आलं नाही. त्यांनी परत विचारलं, "कुणीच नाही?" मी परत म्हटलं, "कुणीच नाही."

मग अकोल्गो. उसना कोट, कॉलरपर्यंत बटणं. "साहेब, माझा काही आक्षेप नाही. या मॅडम फार सभ्य बाई आहेत. मी त्यांचा आदर करतो."

आमोआकोनं मान डोलावली, लिहायला लागला. पण म्हातारे अयामगा पुढे वाकले. "थांब पोरा. काय म्हणालास हिला?"

"मॅडम."

"फ्राफ्रा माणूस दगारा बाईला मॅडम म्हणतो? मी एवढा म्हातारा झालो, कधी ऐकलं नाही. म्हणजे एक तर तू फ्राफ्रा नाहीस, नाहीतर ही आमची दगारा नाही. पाहुणीशी बोलावं तसं बोलतोयस तू."

अकोल्गोचं तोंड उघडं ते उघडंच. आमोआकोची लेखणी थांबली. कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "मग पुढची तारीख द्यावी लागेल." पुढची तारीख म्हणजे सत्र सुरू होणार. चूल गेली. काय अवदसा आठवली कोण जाणे, उभी राहून बोलले — "बाबा, तो घाबरलाय. कुत्र्याचं डोकं आणून ठेवा त्याच्यापुढे, लगेच वाचा फुटेल!"

अकोल्गो माझ्याकडे बघत राहिला. ओठ दाबून धरले होते, पण गाल हलायला लागले. मग त्यानं कोटाची वरची दोन बटणं काढली.

"साहेब, लिहून घ्या," तो म्हणाला. "ही माझी गुलामच आहे. आजोबा फसले. एवढं मोठं कुत्र्याचं डोकं दिलं आणि बदल्यात काय आलं, तर हे, जिला भातसुद्धा धड करता येत नाही. परत घ्या म्हटलं तर हिचे लोक घेत नाहीत. आता आमच्याच गळ्यात आहे, आमच्यातच मरणार, आणि पुरायला पण मलाच खड्डा खणावा लागणार!"

मागचे बाक हसून हसून आडवे झाले. ड्रायव्हर तर शिट्ट्या मारत होते. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले आणि आमोआकोला म्हणाले, "लिही. इथलीच आहे."

"पण आजोबा," तो बिचारा म्हणाला, "हा तर परत तेच सांगतोय!"

म्हाताऱ्यांनी त्याला समजावायला अर्धी दुपार घातली. शेवटी त्यानं आक्षेप फेटाळल्याचं लिहिलं. मला कागद देताना हळूच विचारलं, "मॅडम, तुम्हाला खरंच राग नाही आला?" मी म्हटलं, आला होता. त्यानं मॅडम म्हटलं तेव्हा.

३१ जानेवारी

खूप झोपले. उठले तर फाटकासमोरून आवाज — "सूर्य डोक्यावर आला, गुलाम कुठाय?" उशीत तोंड खुपसून रडले.

२ फेब्रुवारी

मघाशी फिडेलला फोन केला. सगळी गंमत नकला करून सांगितली. कोट, बटणं, कुत्र्याचं डोकं. तो पोट धरून हसला. ड्रायव्हरांकडून थोडं ऐकलंच होतं म्हणे, नदीपलीकडे गोष्ट पोचलीय. मग म्हणाला, "आणि तुला काय विचारलं?" मी म्हटलं, बापाचं गाव, गाणं, असलंच.

"आणि पलीकडे कोण आहे म्हणून नाही विचारलं?"

विचारलं.

मग म्हणाला, "बरं केलंस. पोरीचं बघायला हवं." आईला द्यायला सांगितलं तर आई झोपलीय म्हणाला. आई दुपारी कधी झोपत नाही.

६ फेब्रुवारी

ड्रायव्हरांनी काय काय सांगितलं असेल? 'कुणीच नाही' हे दोनदा म्हटल्याचंही सांगितलं असेल का? मी खोटं बोलले नाही. म्हणजे बोलले. पण भीतीनं बोलले, त्याला काय खोटं म्हणतात? अकोल्गोला विचारावंसं वाटलं, पण तो नेमकी शिवीच देईल.

१ मार्च

कार्ड आलं. फोटोत मी चोरासारखी दिसते. बाईंनी स्वयंपाकघराची किल्ली दिली. अकोल्गो कार्ड उलटसुलट करून म्हणाला, "किंमत लिहायची राहिली यावर." पोरगी कार्ड घेऊन शेजारीपाजारी दाखवून आली.

आईचा फोन लागत नाही. ईस्टरला जाऊन येते.

ईस्टरचा सोमवार, आईच्या घरी

सकाळी पोचले. फिडेलच्या बायकोनं अंगणात खुर्ची आणून मांडली, पुसली. मी म्हटलं, अगं मी घेते की रांजणातून. ती ऐकेना. नव्या भोपळ्याच्या वाडग्यात पाणी आणलं, दोन्ही हातांनी धरून, आणि मी पिईपर्यंत समोर उभी राहिली. आई ओसरीवर होती, माझ्याकडे बघत. फिडेल समोर बसला. माझं पाणी पिऊन होऊ दिलं आणि आल्या पाहुण्याला विचारायच्या रीतीप्रमाणे विचारलं — "कसं काय येणं केलंस?"