मोआरचा शब्द

१२ जानेवारी १९६४, रविवार

हरामखोर!

इन्सब्रुकहून दोघं पाहुणे आले होते. ऑलिंपिकमध्ये आमचा बर्फावरचा खेळ दाखवायला गावातले चौघे जाणार, आणि त्यातला चौथा मी — शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आज फक्त परीक्षा होती. शेवटची फेक माझी. ज्याचा स्टॉक, म्हणजे दांडा लावलेली जड लाकडी चकती, नेमाच्या ठोकळ्याला सर्वांत जवळ, तो जिंकला. समोर ठोकळ्याला चिकटून लाल दांड्याचा स्टॉक, म्हणजे आमचाच! समोरच्यांचे निळे पार मागे. शेजारी अलगद आणखी एक सरकवला की काम फत्ते.

ठोकळ्यापाशी आमचा मोआर उभा — संघाचा म्होरक्या, माझा सख्खा मेहुणा व्हिन्झेन्झ. ओरडला, "उडव!"

मी थबकलो. "मोआर, उडवू?"

"बहिरा झालास का? उडव म्हणतो ना!"

मोआरला उलट विचारायचं नसतं. बापाने पहिला स्टॉक हातात देताना हेच शिकवलं होतं. उडवला. आमचाच स्टॉक काठावरच्या गवतात जाऊन पडला!

वारा उलटा होता, पाहुणे लांब शेकोटीपाशी. त्यांनी विचारलं तर मोआर काय म्हणाला? "मी 'जवळ ठेव' म्हणालो होतो. याचं लक्षच नसतं."

आफ्रा, माझी बायको, माझ्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मान खाली घातली.

ज्याच्या फेकीने हार, त्याने सगळ्यांना क्नोडल, पावाचे उकडलेले गोळे, वाढायचे. मी वाढले. "काय कासिआन, स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड?" — सगळं टेबल खो खो हसलं.

१३ जानेवारी

माझ्या जागी लुईस. मोआरचा जावई! आता आलं लक्षात.

१९ जानेवारी

आफ्राला शेवटी विचारलंच. "तू ऐकलंस ना?"

"वारा होता."

"वारा काय तुझ्या तोंडात शिरला होता?"

तिने भांडी आपटली. मी गोठ्यात जाऊन बसलो. वीस वर्षं त्या माणसाच्या शब्दावर खेळलो. त्याची बहीण केली. आणि हे!

२३ जानेवारी

यंदा इन्सब्रुकला बर्फच नाही. सैनिक डोंगरावरून बर्फ आणून ओतताहेत म्हणे. वितळो सगळा!

३ फेब्रुवारी

इन्सब्रुकला जाणार नव्हतो. गेलो.

गर्दीत मागे उभा राहिलो. शेवटची फेक लुईसची. ठोकळ्यापाशी लाल स्टॉक — आणि मोआर ओरडला, "उडव!"

लुईस पडला मूळचा शहरातला. त्याला कुठली रीतभात! सगळ्यांदेखत म्हणाला, "अहो सासरेबुवा, तो आपलाच आहे!"

लोक हसले. मोआरही हसला, "परीक्षा घेत होतो तुझी!" मग वाकला आणि दांडा बोटांनी चाचपू लागला. आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्यासारखा.

त्याला दिसत नाही!

४ फेब्रुवारी

आफ्रा म्हणाली, "उन्हाळ्यात चेरी पिकल्या तेव्हापासून दिसत नाही त्याला. दादाने शपथ घातली होती."

"आणि माझं काय?"

"तुझा एक खेळ गेला. त्याचं मोआरपण गेलं असतं."

एक खेळ! ऑलिंपिक पुन्हा आमच्या दारात येणार आहे का? मोआर खोटं बोलला ते भीतीपोटी. पण ही? ही रोज माझ्यासमोर बसून जेवत होती.

९ फेब्रुवारी, रविवार

आज गावच्या तळ्यावर डाव. मला परत घेतलं. बरोबरी, आणि शेवटची फेक मोआरची. ठोकळ्यापाशी मी. तो चालत जवळ आला. वीस वर्षांत पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "कासिआन, हा कुणाचा रे?"

लालच होता.

"त्यांचा," मी म्हणालो. "उडवा."

मागे जाऊन त्याने उडवला. एकदम सरळ! गाव हसलं — "मोआरला दिसत नाही की काय?"

आफ्रा काठावरच होती. तिने ऐकलं. मान खाली घातली.

क्नोडल त्याने वाढले. माझं ताट हाताने चाचपलं आणि एक जास्त वाढला.