कमानीवरचा फोटो

ति. हिंदुराव तात्यांस,

यात्रेसाठी तुम्ही कमानीवर ‘कुरुळीची रत्ने’ हा फ्लेक्स लावलात. त्यात प्लॉटिंगवाले आहेत, कंपन्यांना कामगार पुरवणारे ठेकेदार आहेत, मधोमध तुम्ही आहात. राष्ट्रीय कुस्तीत पदक जिंकलेली माझी स्वरूपाताई मात्र नाही. विचारलं तर म्हणालात, “लगीन झालं, आता ती माणची. सासरच्यांनी लावावा की फोटो.” मी माणलाही जाऊन आलो. तिथले म्हणाले, “पदक लग्नाआधीचं हाय. ते तुमच्या गावाचं.”

तात्या, पदक आणलं त्या दिवशी ती कोणाची होती? तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढायला तर तुम्हीच सगळ्यांच्या पुढे होतात.

काल तिनं फोनवर विचारलं, “गण्या, माझा फोटो कुठं लावलाय रे?” मी म्हणालो, “मधोमध.” उद्या ती सासूला घेऊन यात्रेला येतेय.

हे पत्र तुमच्या हातात द्यायचा धीर मला होणार नाही. पण ताईचा फ्लेक्स मी छापून आणला आणि मघाशी कमानीवर चढून घट्ट बांधला. मधोमध दुसरी जागा नव्हती, तुमचा चेहरा झाकला गेलाय.

तुमचा पुतण्या,
गणराज