बॅटरीची वायर

आबा, मी गाडी घेतली. गेल्या दसऱ्याला. विचारायला तुम्ही नव्हतात म्हणून न विचारता घेतली, पण घेताना सगळं तुमच्याच डोक्यानं केलं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज एकोणसत्तराव्या वर्षी वहीची मधली पानं फाडून बसले आहे. कारण मंगळवारी सकाळी एक गोष्ट घडली आणि ती ज्याला कळेल असं तुमच्याशिवाय कोणी डोळ्यांसमोर येत नाही. ती शेवटी सांगते. आधी गाडीचं सांगते, नाहीतर तुम्ही मध्येच म्हणाल, "कुटली घेतलीस ते बोल ना आदी."

छोटी घेतली, पेट्रोलची, गिअर बदलावे न लागणारी. तुमच्या जावयांची गाडी मोठी होती, उंच. ते गेल्यावर चार वर्षं मी तीच चालवली. चढताना वरचं हँडल धरून स्वतःला खेचायचं आणि उतरताना पाय जमिनीला लागतोय की नाही याचा अंदाज घेत लोंबकळायचं. त्यात डावा गुडघा गेलेला, म्हणजे क्लच दाबताना देव आठवायचा. आणि माझा प्रवास तो केवढा! दहिवलीतून निघायचं, नदीवरचा पूल ओलांडून कर्जतच्या बाजारात, बँकेत, नाहीतर गुडघ्याचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे, आणि परत. तीन-चार किलोमीटर. शेजारणी म्हणाल्या, एवढ्यासाठी गाडी कशाला, रिक्षा आहेत की. आहेत. पण रिक्षावाल्याला कुठे जायचं ते आधी सांगावं लागतं, आणि मी पुष्कळदा कुठे जायचं ते न ठरवताच घराला कुलूप लावते. तुमच्या नातीला फोन केला. ती परदेशात असते, तिची सकाळ ती माझी संध्याकाळ. म्हणाली, "तुला बरं वाटेल ती घे गं आई, तू काळजी करू नकोस." किती गुणाचं उत्तर! मला मात्र राग आला. कोणीतरी म्हणावं, या वयात गाडी कशाला, बस घरात, आणि मग मी भांडावं, अशी तयारी करून मी फोन उचलला होता. भांडण मनातल्या मनात राहिलं.

मग मी तुम्हाला सोबत घेतलं. म्हणजे चौक गावातल्या आपल्या गॅरेजातले तुम्ही, खाकी शर्टातले. तुम्हाला खालापूरचे ते म्हातारे वकील आठवतात का? काळी चकचकीत सेकंडहँड गाडी बघून ठेवली होती त्यांनी, आणि तुमच्याकडे फक्त हो म्हणून घ्यायला आले होते. मी टायरवर बसून गणितं सोडवतेय. तुम्ही बॉनेटसुद्धा उघडत नाही. वकिलांना म्हणता, बसा. ते बसतात. म्हणता, उतरा. ते उतरतात. परत बसा, परत उतरा. तिसऱ्या वेळी वकिलांनी दाराला धरून स्वतःला असं काही उपसलं की त्यांची टोपी पडली. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "बसतो कोन पन गं बाय. मानूस उतरतो कसा ते बगायचं." आणि वकिलांना म्हणालात, "सायेब, ही गाडी तुमची नाय. बसाल तुमी, पन बाहेर काडायला दर खेपेला मला बोलवाल." वकील आधी लाल झाले, मग हसले. महिन्याभरानं तुम्ही त्यांना एक साधी, सरळ सीटची गाडी शोधून दिलीत, आणि वर तंबी दिलीत, "घरून कोरटात नि कोरटातून घरी, एवड्यात बॅटरी भरंल कदी? आटवड्यातून एकदा पनवेलपर्यंत पळवत जा." ही तंबी मी ऐकली होती, आबा. म्हातारपणी ती आपल्यालाही लागू होते हे मात्र लक्षात राहिलं नाही.

पनवेलच्या शोरूममध्ये एक मुलगी होती, गोड बोलणारी. तिनं पहिलंच विचारलं, "मॅडम, सोबत कोण आलंय?" मी म्हटलं, "येतायत मागून." का म्हटलं ते मला माहीत नाही. तिनं बिचारीनं दुसरी खुर्ची ओढली आणि दोन चहा सांगितले. मी मात्र तिचा जीव खाल्ला. पाच गाड्यांत प्रत्येकी तीनदा बसले नि तीनदा उतरले. एकीत सीट एवढी खोल की खड्ड्यात बसल्यासारखं वाटे, एकीचं दार अर्ध्यातच अडकायचं, एकीच्या मागच्या काचेतून फक्त आभाळ दिसायचं. भिंतीवरच्या टीव्हीएवढा पडदा बसवलेली एक गाडी ती पुन्हापुन्हा पुढे करत होती. म्हटलं, मला रस्ता बघायचाय. डिझेलची नको, जवळच्या जवळ फिरणाऱ्याला ती त्रास देते. विजेवरची मला आवडली होती, पण पावसाळ्यात आमच्याकडची वीज कधी कुठे जाते ते तुम्ही जाणताच. डिकीचा काठ गुडघ्याच्या वर नको, पोशीरहून भावकीतले तांदूळ देतात तेव्हा पोतं उचलायचं नाही, सरकवायचं. आणि सुरू करायला बटण नको, किल्ली पाहिजे. ही जी घेतली तिच्यातून मी उतरले तेव्हा हात कुठे धरावा लागला नाही. नुसती उभी राहिले. तुम्ही असतात तर मान हलवली असतीत. मुलीनं परत विचारलं, "सर अजून आले नाहीत?" मी म्हटलं, "त्यांनी बघितली गाडी." आणि दुसरा चहाही मीच प्यायले. थंड झाला होता.

आता जे सांगायला बसले ते. माझ्या लग्नात सगळ्यांनी भांडी दिली आणि तुम्ही दहा-अकराचा पाना दिलात. सासरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तुम्ही म्हणालात, "गाडी बंद पडली की आदी बॅटरीची वायर बग. बाकीचं नंतर." तो पाना मी स्वयंपाकघरातल्या खणात ठेवला, लाटण्याशेजारी. आई गेल्यावर तुम्ही चौकचं गॅरेज बंद करून माझ्याकडे राहायला आलात, तेव्हा सोबत एक ट्रंक आणि तुमची ती राखाडी गाडी, स्टिअरिंगपाशी गिअर असलेली. रोज सकाळी तुम्ही ती काढायचात आणि चौकला जाऊन जुन्या मंडळींबरोबर चहा पिऊन यायचात. शहात्तरावं लागलं होतं तुम्हाला. एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की तुम्ही विषय बदलायचात. मग त्या दिवशी शाळेपाशी तुम्ही एका मुलीच्या सायकलला धक्का दिलात. मुलीला काही झालं नाही, चाक तेवढं वाकलं. ते चाक तुम्ही स्वतः सरळ करून दिलंत, आणि घरी येऊन जेवलात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा किल्ली घेतलीत. मी ओट्यापाशी उभी होते. म्हणायचं होतं, आबा, आता गाडी नको. पण पोळ्या लाटत राहिले. ज्यांनी मला चालवायला शिकवलं त्यांना मी कोणत्या तोंडानं थांबवू?

म्हणून तुम्ही संध्याकाळी देवळात गेलात तेव्हा मी खणातून तो पाना घेतला आणि तुमच्या बॅटरीची वायर सैल केली. आबा, मीच केली. तुमच्याच पान्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून बघतेय. पोळी तव्यावर जळतेय आणि मला कळत नाही. तुम्ही किल्ली फिरवता, काही होत नाही. पुन्हा फिरवता. उतरता, बॉनेट उघडता आणि वाकून बघता. तुमची फक्त पाठ दिसतेय मला. तुम्ही हात आत घालत नाही. नुसते बघत उभे राहता, फार वेळ. मग बॉनेट सावकाश खाली आणून हातानं दाबून बंद करता. आत येता, किल्ली कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवता, आणि माझ्याकडे न बघता म्हणता, "गाडी दमली गं बाय. ऱ्हाऊ दे आता." मी म्हणाले, "मेकॅनिक बोलवू का?" काय बेशरम होते मी! तुम्ही हसलात. म्हणालात, "मेकॅनिक हाय की घरात." आणि पाणी मागितलंत. त्यानंतर तुम्ही दोन वर्षं होतात, आणि रोज संध्याकाळी त्या उभ्या गाडीत दार उघडं टाकून पेपर वाचायचात. किल्लीला हात लावला नाहीत. चौकची माणसं सुरुवातीला भेटायला आली, मग यायची थांबली. तुम्ही एकटे पडलात ते माझ्यामुळे, हे मला दिसत होतं, आणि मी रोज तुम्हाला चहा तिथे गाडीत नेऊन द्यायचे. एवढंच करत होते.

तुमचं दिवसकार्य झाल्यावर नेरळहून एक जण गाडी घ्यायला आला. त्यानं बॉनेट उघडलं. मी पुढे झाले, वायर सैल आहे म्हणून सांगायला. ती सैल नव्हती. घट्ट आवळलेली होती, आणि दोन्ही टोकांवर ग्रीसचं बोट फिरवलेलं होतं, तुम्ही फिरवायचात तसं. कधी केलंत तुम्ही हे? मी कचेरीत गेल्यावर, एखाद्या दुपारी? म्हणजे त्यानंतर गाडी कधीही सुरू झाली असती. तुम्हाला सैल वायर बघवली नाही म्हणून आवळलीत, आणि मला बघवत नव्हतं म्हणून गाडी चालवली नाहीत. त्या माणसानं विचारलं, "बॅटरी नवी टाकली की चालंल ना?" मी हो म्हटलं आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारून घेतलं. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. तुमच्या जावयांनाही नाही.

आणि या मंगळवारी, आबा, बँकेत जायला निघाले, किल्ली फिरवली, टिकटिक झाली आणि गाडी गप्प. उन्हं चढत होती. गल्लीत कोणी नव्हतं. मी आणखी दोनदा किल्ली फिरवली. मग घरात गेले, खणातून तो पाना घेतला, लाटण्याशेजारीच असतो अजून. बॉनेट उघडलं, दांडीवर टेकवलं आणि तुमच्यासारखी वाकले. वायर घट्ट होती. घट्टच असणार, सैल करायला घरात दुसरं आहे कोण? घराला दोन किल्ल्या आहेत आणि दोन्ही माझ्याच पर्समध्ये असतात. नाक्यावरून मेकॅनिक आला, दुसरी बॅटरी लावून गाडी सुरू करून दिली. म्हणाला, "मावशी, वायरबियर ठीक हाय. गाडी लांब नेतच नाय तुमी. आटवड्यातून एकदा लांब फिरवा, कोनाला तरी घेऊन जा संगती." मी बरं म्हटलं. त्याच तापलेल्या गाडीनं तशीच चौकला गेले आणि आले. तुमच्या गॅरेजच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, आणि समोरच्या धाब्यावर मला कोणी ओळखलं नाही. एक चहा घेतला. उतरताना हात धरावा लागला नाही, तेवढं तुम्हाला सांगायचं होतं.

ही पानं गाडीच्या कागदांबरोबर डॅशबोर्डच्या खणात ठेवून देणार आहे. पोचवणार तरी कुठे? तुम्हाला बॉनेट उघडल्यावर घरातलंच कोणी हात लावून गेलेलं दिसलं, आणि तुम्ही ते कळून गप्प राहिलात. तुम्हाला त्या सकाळी काय वाटलं ते मी इतकी वर्षं मनात विचारत होते, आता विचारत नाही. फक्त एक कबूल करते, आबा. मंगळवारी बॉनेट उचलताना मला मनापासून वाटत होतं, ती वायर सैल असू दे.