पंपघरातला झिरो

४ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद लिहायला आज हात उचलत नाही. रीत म्हणून लिहिते. हे अजून दवाखान्यातच आहेत. शुद्ध आली, पण हातात चमचाही धरवत नाही.

तुमच्या कारखान्यातला गॅस डिटेक्टर तपासायला आमच्याच लॅबमध्ये आला, तोही माझ्याच टेबलावर. सेन्सर ठणठणीत आहे. विषारी वायू लागला की आतल्या सेलमध्ये किंचित वीज उमटते, ती अजून अगदी बरोबर उमटते. पण झिरो कधी केला, म्हणजे भोवतालची हवा स्वच्छ धरून आकडा शून्यावर कधी आणला, ती वेळ यंत्रात राहते: नऊ वाजून बारा मिनिटं. आणि तुमच्या रजिस्टरप्रमाणे तू नऊलाच पंपघरात शिरलेला. म्हणजे शहाण्या, तू वायूत उभं राहून झिरो केलास! यंत्राने त्या विषालाच स्वच्छ हवा मानलं, आकडा कमी दाखवला, गजर वाजला नाही, आणि हे विश्वासाने तिथल्या पंपाच्या खड्ड्यात उतरले. या आठवड्यात अहवाल द्यायचा आहे. त्यात तुझं नाव घालणार आहे.

लोभ किती उरलाय ते तूच ठरव.
ताई

७ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.
न्यायाधीश झाल्याबद्दल अभिनंदन. सेन्सर जुना होऊन संपला, एवढं एक वाक्य लिहिलंस तर तुझं काय बिघडणार आहे? माझी नोकरी वाचेल. भावोजींना खांद्यावर टाकून मीच बाहेर काढलं, ते तुझं यंत्र नोंदवत नाही वाटतं?

आणि आम्हाला शिकवलं कुणी? गेल्या वर्षी तूच आलीस, त्याच पंपघरात उभं राहून बटण दाबलंस, आणि रोज कामाआधी असंच करा म्हणून बजावून गेलीस. मी तेच केलं. लहानपणापासून तुझं ऐकत आलो, हीच माझी चूक.

राग असू दे, लोभ नको.
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
तुझं पत्र आधी फाडावंसं वाटलं. मग आठवलं. त्या दिवशी पंप बंद होते, खड्डा धुतलेला होता, हवा स्वच्छ होती. मला ते माहीत होतं. तुम्हाला सांगायचं राहिलं.

अहवाल आज दिला. सेन्सर चांगला आहे असंच लिहिलं; जुना म्हटलं असतं तर नवा आणून तुम्ही पुन्हा तिथेच झिरो केला असता. झिरो कुणी केला तिथे तुझं नाव आहे, अर्धवट कुणी शिकवलं तिथे माझं. उपकार समजू नकोस. तुझ्यावरचा राग तसूभरही कमी झालेला नाही.

ह्यांनाही सगळं सांगितलं. तुला भेटायला बोलावलंय. मला मात्र येऊ नकोस म्हणाले. उद्यापासून त्यांचा डबा तू घेऊन जा.

ताई