एकच जागा उरली होती

मिनेसोटा,
१४ ऑक्टोबर १९७८

प्रिय आक्के,

पाकिटाचा जाडपणा बघून तू चकित झाली असशील. तीन वर्षांत माझी तुला दोनच पत्रं आली, आणि दोन्ही दिवाळीच्या शुभेच्छांची, पाच-पाच ओळींची. आज मात्र सुट्टी घेऊन बसलेय. खिडकीबाहेर झाडं लाल-पिवळी झालीत, अंगावर दोन स्वेटर आहेत, आणि डोक्यात सकाळपासून सांगलीच्या वसतिगृहातली आपली खोली आहे. तू पलूसहून आलीस तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. तुझे केरबामामा पुढे, खांद्यावर त्यांची लष्करातली काळी ट्रंक, मागे तू काकवीची किटली सांभाळत. खोलीत दोघींत एक कपाट. मामांनी कपाट उघडून पाहिलं आणि पलटणीत हुकूम सोडावा तसं म्हणाले, "वरचे दोन कप्पे हिचे, खालचे दोन तुजे. भांडायचं न्हाई." आठवड्याभरात माझे कप्पे भरले आणि तुझ्या कप्प्यात माझी पुस्तकं जाऊन बसली. तू तुझे कपडे परत ट्रंकेत ठेवलेस.

गणितात तू माझ्या कितीतरी पुढे होतीस. सर फळ्यावर उदाहरण मांडत असायचे आणि तू वहीत न लिहिताच उत्तर घेऊन बसलेली असायचीस. औंधला आमच्याकडे आलीस तेव्हा यमाईच्या डोंगरावर धापा टाकत चढताना मला शेवटच्या पेपरातलं अडलेलं प्रमेय समजावून सांगितलंस, आठवतं? बी.एस्सी.ला तू पहिली आलीस, मी तिसरी. इथे कुणी माझं कौतुक केलं की मला तो डोंगर आठवतो.

तू एकदा विचारलं होतंस, तिथं नेमकं करतेस काय? इथल्या विद्यापीठात एक कॉम्प्युटर आहे, दोन गोदरेजच्या कपाटांएवढा. त्यावर युनिक्स नावाची व्यवस्था चालते आणि ती सांभाळणं हे माझं काम. सगळ्यांचं लिखाण, आकडेमोड ताटाएवढ्या तबकड्यांवर साठवतात, त्यांना डिस्क म्हणतात. डिस्कचे सुरुवातीलाच भाग पाडलेले असतात: एक खुद्द यंत्रणेचा, एक लोकांच्या कामाचा, एक तात्पुरत्या वापराचा. एक भाग भरला आणि शेजारचा रिकामा असला, तरी मधली भिंत सरकवता येत नाही. जागा सगळ्यांनाच कमी पडते. मग मी रोज बघायचं, कुणी किती अडवलीय, आणि ज्याला त्याला विनवायचं की बाबा, तुझं जुनंपानं काढ. पोरं मला बघून वाट बदलतात.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी लोकांचा भाग काठोकाठ भरला. यंत्र सारखं तेच छापत होतं, जागा नाही, जागा नाही. कुणाचंच काम पुढे सरकेना. जुनं काढून टेपवर ठेवायची सोय असते, पण टेपचं यंत्र तीन आठवडे बिघडलेलं. मी ठरवलं, सगळ्यात मोठी फाइल उचलायची आणि तात्पुरत्या भागात नेऊन ठेवायची. ती फाइल हॅलोरन नावाच्या प्रोफेसरांची होती. सत्तरीचे गृहस्थ. एका आदिवासी भाषेतले शब्द त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेत. ते शब्द बोलणारी म्हातारी माणसं आता हयात नाहीत. तीन वर्षं ते त्यात रोज भर घालत, चुका दुरुस्त करत होते.

मी फाइलची नक्कल केली आणि मूळ पुसून टाकली. नक्कल पुरी झाली का, ते बघितलं नाही. निम्म्या वाटेवर तो भागही भरला होता. नक्कल तिथेच तुटली होती आणि मूळ मी माझ्या हातानं घालवली होती. त्या क्षणी खोलीत कुणी नव्हतं. टेप बिघडलेली, यंत्र जुनं, डिस्कवर खापर फोडलं असतं तर कुणी शंकाही घेतली नसती. खरं सांगते, हा विचार मनात आला. मग सहज नजर गेली तर एवढी मोठी फाइल पुसूनही जागा वाढलेली नव्हती, आणि ते का, ते मला कळेना.

मी जिना चढून तडक प्रोफेसरांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सांगितलं, तुमची फाइल मी पुसली, चूक माझी आहे. त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. मग बारीक आवाजात म्हणाले, "पण ती तर आत्ता छापली जातेय." कोपऱ्यातलं छपाईचं यंत्र टकटकत होतं. तेव्हा उलगडा झाला. युनिक्समध्ये फाइलचं नाव पुसलं तरी एखादा प्रोग्रॅम ती वाचत असेल, तर त्याचं वाचून होईपर्यंत ती जागेवर राहते. छपाई थांबली की संपलं. तीन तास आम्ही दोघं त्या यंत्राशी उभे होतो. कागद संपत आला की ते पुढचा गठ्ठा लावायचे, मी खाली फोन करून बजावायची की कॉम्प्युटर अडलाय म्हणून बंद करून पुन्हा चालू करू नका, तसं झालं तर उरलेलं जाईल. शेवटचं पान बाहेर आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. गेले चार आठवडे मी तीच पानं परत टाइप करतेय. निम्मी झालीत. त्या दिवशी मी निघताना ते एवढंच म्हणाले, "लगेच आलीस म्हणून वाचलं. दुपारी आली असतीस तर काय उरलं असतं?"

त्या वाक्यानं माझी झोप उडवलीय, आक्के. एकाहत्तर सालच्या जूनमध्ये तू तापानं पलूसला पडून होतीस आणि एम.एस्सी.चा तुझा फॉर्म माझ्याकडे पाठवला होतास. कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीशी मी दोन्ही फॉर्म घेऊन उभी होते. नाथाजी कारकून म्हणाले, मुलींच्या वसतिगृहात एकच जागा उरलीय, गुणांप्रमाणे देणार. सांगलीत राहायची सोय नसती तर तुझ्या काय, माझ्याही घरच्यांनी शिकू दिलं नसतं. मी माझा फॉर्म आत सरकवला. तुझा पिशवीतच राहिला. विसरले, असं मी सात वर्षं स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते. तुला सांगितलं, नाथाजींनी हरवला. केरबामामा त्यांच्याशी भांडून आले, आणि तू उलट माझीच समजूत घातलीस, "जाऊंदे गं इजे, कागुद हाय, हरवतोय कवातरी. लय मनाला लावून घेऊ नगंस." पुढच्या मे महिन्यात तुझं दादासोंशी लग्न झालं. आई लिहिते, पलूसच्या मुली हल्ली गणितात नापास होत नाहीत, तू घरी शिकवतेस म्हणून. ते वाचून मी आनंदले, आणि मग बराच वेळ रडत बसले. तुझं जे गेलं ते मला पुन्हा टाइप करून देता येणार नाही. नाथाजींनाही आजच वेगळं पत्र लिहिलंय. हे पत्र मामांना आणि दादासोंना वाचून दाखव. माफ कर, असं मी म्हणणार नाही. वीस डिसेंबरला मी औंधला पोचते, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं पलूसला येते. घरात घ्यायचं की उंबऱ्यावरूनच परत पाठवायचं, ते तू ठरव. पण जे बोलायचं ते तोंडावर बोल. मी ऐकायला येतेय.

तुझीच म्हणायचा हक्क आता तुझ्या हाती,
विजयमाला