मुलीच्या खोलीतले टोमॅटो

४ नोव्हेंबर, सकाळी
सगळ्यांची विचारपूस केली. थोरला ठणठणीत. मधला जरा मलूल. धाकट्यानं मान टाकली होती, पाणी पाजल्यावर उठला. तिन्ही कुंड्या मुलीच्या खोलीत हलवल्या. हिवाळ्यात ऊन येतं ते फक्त तिच्या खिडकीत. ती नोकरीच्या गावी. खोली काय शोभेला ठेवायची? बायको चार दिवस खोकते आहे म्हणे.

१९ नोव्हेंबर
मुलीचा पलंग उभा करून भिंतीला टेकवला. जानेवारीत सुट्टीवर येईल तेव्हा घरचे लालबुंद टोमॅटो बघून पोरगी खूश होईल. प्लॅन पक्का.

८ डिसेंबर
फुलं आली! बावीस! नियम केले : खिडकी बंद, पंखा बंद, झाडांना कुणी बोट लावायचं नाही. दारावर चिठ्ठी डकवली. शेजारचा माळी दारातूनच म्हणाला, अहो काका, कोंडलेल्या खोलीत ना वारा ना माशी. फुलं रोज जरा हलवा, नाहीतर फळ धरायचं नाही. जन्मभर लोकांच्या बागा झाडल्या, आणि मला शिकवतो! मी स्वतः पुस्तकं वाचून शिकलोय.

१७ डिसेंबर
नऊ फुलं गळली. अशक्त होती, गेली ते बरं.

२ जानेवारी
मुलगी आली. बॅग टेकवायच्या आधी खिडकी सताड उघडली. मी ओरडलो. बाबा, मी झोपू कुठे, म्हणाली. म्हटलं, बाहेर सतरंजी टाक, चारच दिवसांचा तर प्रश्न. म्हणाली, सहा महिन्यांत मला एक फोन नाही, आणि यांना रोज गुड मॉर्निंग! मी आधी खिडकी लावून घेतली.

३ जानेवारी
मैत्रिणीकडे राहायला गेली. उद्या येईल. रागीट आहे, माझ्यावर गेली आहे.

७ जानेवारी
तिकडूनच परस्पर गाडीत बसली.

२१ जानेवारी
उरलेली फुलंही गळली. तिनं खिडकी उघडली म्हणून. बायको म्हणाली, दोन मिनिटं उघडी होती हो.

९ फेब्रुवारी
टोमॅटो : शून्य. कुंड्या माळ्याला दिल्या. त्यानं त्या लगेच अंगणात वाऱ्यावर ठेवल्या, तेच जास्त लागलं. पलंग एकट्यानं आडवा केला, पाठ धरली.
मुलीनं तिकडे खोली बदलली आहे. बायकोकडे नवा पत्ता मागितला. तिला विचारून सांगते, म्हणाली.
तोवर इथेच लिहून ठेवतो. बाळ, खोली रिकामी केली आहे. खिडकीही उघडीच ठेवतो. कधी येतेस ते लवकर कळव.