अकराव्या रकान्यातलं मूल

प्रिय मावशी,

गेल्या मंगळवारी साडेअकरा वाजता जन्मनोंदणीच्या खिडकीवर कारकुनाने एक जाड रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि अकराव्या रकान्यावर बोट ठेवलं. त्या बोटाने माझं सगळं उलटंपालटं केलं.

गेलो होतो साध्या कामाला. चष्म्याच्या दुकानातली ती आणि मी रजिस्टर लग्न करतोय, हे आईने तुला सांगितलंच असेल. तिच्या वडिलांच्या मते मी अर्ध्यात कॉलेज सोडलेला, डोक्यात राख घालून फिरणारा. खोटं नाही. पण ती एकदा हसली की मला दिवसभर तहानभूक लागत नाही, हे त्यांना कोण सांगणार? तर वयाचा पुरावा हवा होता. शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजात अडकलेला, आणि प्राचार्यांच्या टेबलावर वही आपटून आल्यापासून तिथे पाय ठेवायचा नाही ही माझी शपथ. म्हणून जन्माचा दाखला काढला, तर त्यात माझ्या नावाची जागाच कोरी! नाव घालायला आईचं निवेदन लागतं. आईने लिहून दिलं, एकुलता एक मुलगा.

कारकुनाने चष्म्यावरून बघत विचारलं, "मग बाकीचे तिघं कुठे सांडले, साहेब?" रकाना होता 'आईचं कितवं मूल' आणि त्यात स्वच्छ अक्षरात 'चौथं'. म्हणाला, आधी हे निस्तरा. 'चौथं' चुकून पडलंय असा अर्ज आणा, आईच्या आणि बाळंतपणाला हजर असलेल्या एका नातेवाइकाच्या सहीने.

घरी जाऊन मी काय तमाशा केला असेल, तुला वेगळं सांगायला नको. माझी तीन भावंडं कुठे गेली, मेली की वाटून टाकली, तोंडाला येईल ते बोललो. आईने नळ बंद केला. पाठमोरीच म्हणाली, "तिला काही विचारू नकोस रे. तिने कधीच काही मागितलं नाही."

मावशी, मी कुणाचं नावच घेतलं नव्हतं.

दार असं आपटून निघालो की कडी निखळून पडली. रस्त्याने चालताना मोजलं. तुझ्या घरचे दादा, ताई, छोटी ताई. तीन. सुट्टीत आम्ही तुझ्याकडे आलो की तुला नेमका माळा आवरायचा असायचा. आई म्हणायची, मावशीला पोरांचा गलका सोसत नाही. मला तुझा भारी राग यायचा. पण निघताना माझ्या शर्टाचं वरचं बटण तूच लावायचीस. लावलेलं असलं तरी काढून पुन्हा.

मग एकेक जुळत गेलं. आईला मूल होत नव्हतं. ना कोर्ट, ना कागद, तुम्ही दोघी बहिणींनी आपसात ठरवलं. प्रसूतिगृहात तू नाव आईचं सांगितलंस, वय आईचं, पत्ता आईचा. सगळं पाठ करून गेलीस. आणि नर्सने कितवं विचारलं तेव्हा तेवढं एक खोटं तुझ्याने बोलवलं नाही.

तसाच चष्म्याच्या दुकानात गेलो आणि तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हीपण जाणार. ती म्हणाली, "पहिला काय नि चौथा काय, आधी आईशी नीट वाग." आईशी बोलणं काही जमलं नाही. कडी बसवून दिली. आई जवळ उभी राहून एकेक स्क्रू हातात देत होती.

काल आईने तुला फोन केला, सोमवारी त्या अर्जावर सहीला ये म्हणून. तू म्हणे काही न विचारता लगेच 'येते' म्हणालीस. म्हणूनच हे पत्र. सोमवारी येऊ नकोस. ते 'चौथं' खोडायला तुझी सही मला नको. अर्ज फाडून टाकलाय, आईच्या समोर; तुकडे तिनेच वेचले. आता शपथ मोडून कॉलेजात चाललोय. प्राचार्यांसमोर कान धरीन, नाक घासीन, पण दाखला सोडवून आणीन. पुढच्या महिन्यात लग्नाला ये, साक्षीदार म्हणून, आणि या वेळी सही तुझ्या स्वतःच्या नावाने कर. शेजारी आई असेल. तिला मी आईच म्हणेन आणि तुला मावशीच. फक्त निघताना माझं वरचं बटण लावशील ना?

निघतो. आईचा आत्ता कुठे डोळा लागलाय, दार हळूच ओढून घेतो.

तुझाच,
चौथा